चरबीनं भरलेली गाय व्याल्यावर उपाशी का पडते?

निफाडकडच्या एका तरुण गोठेवाल्याचा प्रश्न आहे. त्याची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय आटवल्यापासून चांगली गुबगुबीत झालेली. येणारा-जाणारा पाठीवर थाप मारून कौतुक करायचा. तिसऱ्या वेताला व्याली, आठवड्यात पंचवीस लिटरवर गेली, आणि मग भरड्याला तोंड लावेना. पुढे पेंडही सोडली. दूध निम्म्यावर आलं, श्वासाला गोडसर वास यायला लागला. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "अंगातली चरबी सुटली आणि यकृतावर बसली." गाय वाचली, पण या तरुणाचं समाधान झालेलं नाही. तो विचारतो: चरबी म्हणजे अडचणीच्या वेळचा साठा ना? मग जिच्याकडे साठा जास्त तीच आधी कशी कोलमडली? शेजारची बेताची गाय तर मजेत रवंथ करतेय. आणि मुळात ही पांढरी चरबी अंगात करते तरी काय?

दादा, उत्तर लांब होणार आहे, बसून वाचा. तीसेक वर्षं सिन्नर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात जनावरं बघतोय, आणि तुमच्या गायीसारख्या गायी दर हिवाळ्यात भेटतात. थोडक्यात सांगायचं तर तिचा साठा कमी पडला नव्हता. साठ्यातून माल बाहेर पडायचा वेग तिच्या हाताबाहेर गेला होता. हा वेग सांभाळणं हेच चरबीचं खरं काम, आणि तेच आपण विसरतो.

आधी नावातला घोळ. पांढरी चरबी म्हणतात खरं, पण गायीचं पोट उघडून पाहिलं तर ती चक्क पिवळी दिसते. शेळी-म्हशीची मात्र पांढरीशुभ्र. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं, त्यामागचंच कारण इथेही: हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन म्हैस जवळजवळ सगळं जीवनसत्त्व 'अ'मध्ये बदलून टाकते, गायीत बरंच तसंच उरतं आणि चरबीत विरघळून राहतं. शास्त्रात 'पांढरी' हा शब्द येतो तो तपकिरी चरबीपासून वेगळं दाखवायला. तपकिरी चरबी उष्णता तयार करते. तिच्या पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, खच्चून भरलेले असतात, त्यांतल्या लोहामुळे तो रंग येतो. निफाडच्या जानेवारीत जन्मलेलं वासरू पहिली रात्र काढतं त्यात मूत्रपिंडाभोवतीच्या या तपकिरी चरबीचा मोठा वाटा. काही आठवड्यांत तीच जागा पांढरी होऊन जाते. डुकराच्या पिलांना ही सोयच नाही, त्यांच्या वंशात ही उष्णता तयार करणारं जनुक केव्हाच निकामी झालंय. म्हणून वराहपालनवाले पिलांवर दिवा लावतात.

आता पांढऱ्या चरबीची पेशी. खड्याची अंगठी डोळ्यापुढे आणा. अंगठीची पोकळी म्हणजे तेलाचा एकच मोठा थेंब, आणि एका बाजूला दाबून बसवलेला खडा म्हणजे पेशीचं केंद्रक. बाकी सगळं कारभारी सामान त्या थेंबाभोवतीच्या पापुद्र्यात. एक पेशी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, फुगली की त्याच्या दुप्पट. पण नुसत्या याच पेशी म्हणजे चरबी नव्हे. संख्येनं मोजलं तर त्या निम्म्याहूनही कमी भरतात. बाकीच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, रोगप्रतिकारक पेशी, आणि पुढे चरबीपेशी होऊ शकतील अशा उमेदवार पेशी. म्हणून मी तिला अवयव म्हणतो, यकृत किंवा कास जशी अवयव आहे तसा.

साठवायला तेलच का, पिष्ट का नाही? वजनामुळे. तेलाच्या ग्रॅमला ९ किलोकॅलरी. ग्लायकोजेनच्या ग्रॅमला ४, आणि ते स्वतःबरोबर तिप्पट पाणी धरून बसतं. एखाद्या माणसाच्या अंगात १२ किलो तेल असेल तर झाली लाखाहून जास्त किलोकॅलरी. तेवढीच शिदोरी ग्लायकोजेनची बांधायची म्हटली तर वजन शंभर किलोच्या पुढे जाईल. मग चालायचं कसं?

हे तेल येतं दोन वाटांनी. एक, खाल्लेल्या स्निग्धापासून. रक्तातून आलेले कण केशवाहिनीच्या भिंतीवरच फोडून पेशी आत ओढतात. दुसरी वाट म्हणजे नव्यानं बनवणं, आणि इथे प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. माणसात हे काम बहुतेक यकृत करतं, साखरेपासून. गाय-शेळीत ते चरबीच्या पेशीच करतात, आणि तेही ॲसिटेटपासून. म्हणजे पोटातले जंतू कडबा कुजवून जे आम्ल सोडतात त्यापासून. रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्यातून थेट ग्लुकोज फारसं मिळतच नाही. आहे तेवढं वासराला आणि कासेला राखून ठेवायचं, चरबीवर उधळायचं नाही, असा तिचा हिशोब. तेच जंतू चाऱ्यातलं पातळ तेलही घट्ट करून सोडतात. मटणाचा रस्सा गार झाला की वरचा तवंग मेणासारखा गोठतो तो त्यामुळे.

बाहेर सोडण्याची वाट मात्र एकच आणि तिच्यावर पहारा कडक. थेंबाच्या पृष्ठभागावर प्रथिनांचं वेष्टन असतं. उपास, थंडी, भीती, ताप अशा वेळी ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा निरोप येतो, वेष्टन सैल होतं, विकरं कामाला लागतात आणि एकेका रेणूतून तीन मेदाम्लं आणि एक ग्लिसरॉल सुटतं. मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतात. हृदय, स्नायू, यकृत ती जाळतात. आणि "थांब" म्हणणारा कोण? इन्सुलिन. साखर उतरवणारं औषध म्हणून ते सगळ्यांना माहीत, पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम हेच. चरबीच्या दारावर हात ठेवून उभं राहणं.

आता तुमच्या गायीकडे येऊ.

व्यायच्या आधी-नंतरचे तीन-तीन आठवडे गायीच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक. एक लिटर दुधातली साखर बनवायला कास सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज ओढते. पंचवीस लिटरला पावणेदोन किलोहून जास्त, रोज. याच दिवसांत तिची भूक मंदावलेली असते. मग शरीर ठरवतं की ग्लुकोज कासेला, बाकीच्यांनी चरबीवर भागवा. इन्सुलिन खाली येतं, चरबीच्या पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, वाढीचं संप्रेरक वर जातं, आणि दार उघडतं. इथवर यात आजार काही नाही. पिलाला पाजणारी बहुतेक सगळी सस्तन मादी हेच करते.

पण एक मेख आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. मेदाम्लापासून सस्तन प्राण्याला ग्लुकोज बनवता येत नाही. त्या लहानशा ग्लिसरॉलचं बनतं, मेदाम्लांचं नाही. तुमच्या कांदाचाळीत पाचशे क्विंटल माल असला आणि घरात मीठच संपलेलं असलं तर भाजी अळणीच होणार. गायीला हवंय ग्लुकोज आणि अंगावर आहे तेल. जास्त तेल असून उपयोग नाही, उलट अडचण जास्त.

ती अशी. लठ्ठ गाय व्याल्यावर बेतात असलेल्या गायीपेक्षा कमी खाते, हे गोठ्यागोठ्यात दिसतं. कमी खाल्लं की ग्लुकोज अजून कमी, इन्सुलिन अजून खाली, दार अजून सताड. तिच्या फुगलेल्या पेशी मुळातच इन्सुलिनला दाद देत नव्हत्या. मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो. लासलगावला एकाच दिवशी दुप्पट ट्रॅक्टर लागले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. यकृताला 'आज लिलाव बंद' म्हणता येत नाही. रक्तात जेवढं येईल त्या प्रमाणात ते उचलत राहतं. थोडं जाळतं. पण पूर्ण जाळायला जी मधली रसायनं लागतात तीच ग्लुकोज बनवण्यात खर्ची पडलेली असतात. म्हणून अर्धवट जळून कीटोन तयार होतात. तुम्हाला आलेला गोडसर वास ॲसिटोनचा. उरलेल्याचं यकृत परत तेल करून बाहेर पाठवू पाहतं, आणि गायीचं यकृत या पाठवणीत फार हळू. मग माल तिथेच थप्पी लागून पडतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी हातानं शिकलो. नोकरीतलं दुसरं वर्ष होतं. अशीच भरलेली गाय, व्याल्यावर बसलेली. मला दिसला फक्त दुधाचा ताप, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटणं. कॅल्शियमची बाटली दिली, उठली, मालकानं चहा पाजला, मी खुशीत परतलो. ती खात नव्हती, याकडे मी लक्षच दिलं नाही. दोन बाटल्या अजून दिल्या. नवव्या दिवशी गाय गेली. उघडली तर यकृत पिवळट, कडा गोल झालेल्या, बोटानं दाबलं की भुगा. एक तुकडा कापून बादलीतल्या पाण्यात टाकला, तो तरंगला. यकृताचा तुकडा बुडायला हवा. त्या दिवसापासून व्यालेल्या गायीला हात लावण्याआधी मी गव्हाणीत किती उरलंय ते बघतो.

हे फक्त गायीचं नाही. कॉलेज रोडच्या फ्लॅटमधली गलेलठ्ठ पर्शियन मांजर कशानंतरी रुसून चार दिवस जेवली नाही की तिच्याही यकृताची हीच गत होते. पोटात दोन-तीन करडं असलेली शेळी शेवटच्या आठवड्यांत अशीच बसते. आणि उलट उदाहरण अस्वलाचं. अमेरिकेतलं काळं अस्वल शरदात चरबी चढवतं आणि पाच-सहा महिने काही न खाता झोपून काढतं. शरीराचा खर्च पाव हिश्शावर आणतं, चरबी थेंबाथेंबानं सोडतं, आणि वसंतात धडधाकट बाहेर येतं. वजनाच्या मानानं साठा तुमच्या गायीपेक्षा जास्त, पण घाई नाही.

आता चरबीचं दुसरं काम: बोलणं. आपल्या भाषेला हे आधीच कळलं होतं की काय कोण जाणे. अंगात चरबी चढली म्हणतो, माज आला म्हणतो, आणि गाय 'माजावर येते' तेव्हाही शब्द तोच. विज्ञानाला त्या दोन टोकांमधला धागा १९९४ मध्ये सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं एका जन्मजात लठ्ठ उंदराच्या जातीतलं बिघडलेलं जनुक शोधलं. निरोगी उंदरात ते जनुक चरबीपेशीत एक संप्रेरक बनवतं, त्याचं नाव लेप्टिन ठेवलं. चरबी जेवढी, लेप्टिन तेवढं. ते मेंदूला सांगतं की कोठार भरलंय, भूक आवर आणि इतर खर्चाचं बघ. लेप्टिन नसलेले ते उंदीर नुसते खात सुटायचे असं नाही, ते वांझही होते. मेंदूच्या लेखी उपासमार चालू, मग पिलं कशाला? त्याआधी वीसेक वर्षं डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांची रक्ताभिसरणं जोडून दाखवलं होतं की रक्तातून असा काही निरोप जातो. तेव्हा फार कुणी ऐकलं नव्हतं.

व्याल्यावर वाळत चाललेली गाय महिनोन्महिने माजावर येत नाही आणि मालक माझ्याकडे इंजेक्शन मागतो. इंजेक्शनानं काय होणार, कोठार रिकामं होत चाललंय हे मेंदूला कळलंय. फार लठ्ठही नको आणि हाडकलेलीही नको, ते यासाठी. लेप्टिन एकटं नाही. ॲडिपोनेक्टिन आहे, ते इन्सुलिनला मदत करतं आणि गंमत म्हणजे लठ्ठपणात कमी होतं. चरबीत पुरुष-संप्रेरकाचं स्त्री-संप्रेरकही बनतं, पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना तोच.

कांदाचाळीवर परत येतो, कारण दुसरा अर्धा भाग तिथे समजतो. चाळीत मापात कांदा भरला, खालून-बाजूनं वारा खेळता ठेवला तर तो महिनोन्महिने टिकतो. भाव येईल म्हणून थर चढवत गेलात की मधला कांदा घामेजतो, सडतो, आणि शेजारच्यांना घेऊन जातो. चरबीत तेच. माणसात चरबीपेशींची संख्या बाळपणी आणि तरुणपणी ठरते आणि मग साधारण तेवढीच राहते. दर वर्षी दहाएक टक्के मरतात, तेवढ्याच नव्या येतात. हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मंडळींनी २००८ मध्ये दाखवलं, तेही अणुचाचण्यांतून हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून पेशींचं वय काढून. मोठेपणी वजन वाढतं तेव्हा बहुतेक वेळा आहे त्याच पेशी फुगतात. फुगलेल्या पेशीच्या मधोमध प्राणवायू नीट पोचत नाही, काही मरतात, साफसफाईला भक्षक पेशी येऊन त्यांच्याभोवती कडं करतात आणि दाह सुरू होतो. १९९३ मध्येच लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाहाचं एक रसायन सापडलं होतं आणि ते इन्सुलिनच्या आड येतं हेही दिसलं होतं. मग पेशींच्या दारावरचा हात सुटतो आणि तेल नको तिथे जातं. यकृतात, स्नायूत.

याचा पुरावा हवा असेल तर ज्यांच्या अंगात चरबीच नाही अशांकडे बघा. काही माणसांत जन्मतः चरबीपेशी तयारच होत नाहीत. वाटेल की भाग्यवान. प्रत्यक्षात त्यांना तरुणपणीच भयंकर मधुमेह आणि यकृतात चरबी. ठेवायला चाळ नाही म्हणून कांदा अंगणात सडतोय. तशाच उंदरांना निरोगी उंदराची चरबी टोचून बसवली तर मधुमेह बरा झाला.

आणि जागाही महत्त्वाची. खाटकाला विचारा, बोकड बाहेरून कितीही बारीक दिसो, मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात चरबी असतेच. शेळी कातडीखाली फारशी ठेवत नाही, पोटात ठेवते. आपण भारतीय माणसंही थोडे शेळीसारखेच आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही वजनानं हलकी पण त्या मानानं चरबी राखून असलेली, हे त्यांच्याच गटानं मोजून दाखवलं. कातडीखालची चरबी संथ असते. पोटातली चंचल, आणि तिथलं बरंचसं रक्त सरळ यकृताला जातं. म्हणून डॉक्टर आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर कमरेची मर्यादा सांगतात. गोदा पार्कवर फिरणारे मित्र मला विचारतात, घटलेली चरबी जाते कुठे? घामात नाही. नाकावाटे. १० किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, बाकीचं पाणी.

गादी म्हणून, ऊब म्हणून चरबीचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात फार शिरत नाही. व्हेलला ती रजई, उंटाला उलट: सगळी मदारीत गोळा केली म्हणजे बाकी अंगातून उष्णता निघून जायला मोकळीक. आपल्या देशी बैलाचं वशिंड मात्र चरबीचा गोळा नाही, ते मुख्यतः स्नायू आहे. तळपायाची, डोळ्यामागची चरबी शरीर सहजी खर्चत नाही. सगळ्यात शेवटी हात लागतो हाडाच्या मगजाला. मेलेलं जनावर उपासमारीनं गेलं का हे ठरवायचं तर आम्ही मांडीचं हाड फोडतो. मगज घट्ट निघाला तर कारण दुसरं. लालसर, पाणचट जेलीसारखा निघाला तर त्या जनावरानं अंगातलं सगळं विकून खाल्लेलं असतं.

आता तुमच्या गोठ्याचं. आटलेल्या काळात गाय बारीक करायला जाऊ नका, ही चूक पुष्कळजण करतात. गाभणीला उपाशी ठेवलं की दार तेव्हाच उघडतं. वजन आवरायचं ते दूध कमी होत आल्यावर, आटवण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत. तेव्हा दूध दहावर आलेलं असतं आणि भरडा मात्र पंचविसाचा चालू राहतो, चरबी चढते ती तिथे. आटल्यावर कडबा आणि वाळलेली वैरण पोटभर, मक्याचा मुरघास मापात. शेवटच्या तीन आठवड्यांत भरडा हळूहळू वाढवा, म्हणजे पोटातल्या जंतूंना सवय होईल. व्याल्यावर पहिले दहा दिवस गव्हाण रोज बघा. खाणं घटलं की त्याच दिवशी दुधाची किंवा रक्ताची कीटोन तपासणी करून घ्या, पट्टीवर मिनिटात कळतं. गूळ पाजू नका. पोटातले जंतूच तो फस्त करतात, गायीला ग्लुकोज मिळत नाही आणि पोट आंबट होतं ते वेगळंच. प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा शिरेतून डेक्स्ट्रोज, जे काय ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तुम्ही लिहिलंय की दुसरी एक गाय पौषात व्यायची आहे. १ ते ५ अशी अंगकाठीची मोजपट्टी असते, व्यायच्या वेळी गाय ३ ते साडेतीनच्या दरम्यान हवी. उद्या सकाळी पिळायच्या आधी तिच्या मागे उभे राहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटं दाबा, मग शेवटच्या बरगड्यांवर. मुळाशी खळगा लागतो की गादी लागते, आणि बरगडी हलक्या हातानं लागते की शोधावी लागते, एवढं मला कळवा. मागून एक फोटोही काढा, शेपटी बाजूला धरून.